तमिळ सिनेमातली हलगी ऐकायला शारजापर्यंत

अबू धाबीत लागलेला सिनेमा बघायला दीडशे किलोमीटरवर शारजाला जाणाऱ्या माणसाला लोक वेडा म्हणतात. मी ब्लॉग लिहितो, म्हणून मी त्याला रोड ट्रिप म्हणतो.

सिनेमा तमिळ, इंग्रजांच्या काळातल्या एका खेड्यातला. आमच्या घरात तमिळ कोणालाच येत नाही. पण माझी तेरा वर्षांची लेक रेवा मैत्रिणीकडून त्यातलं एक गाणं घेऊन आली आणि माझ्या वडिलांनी, अप्पांनी, ते दिवसभर ऐकलं. मिरजेजवळच्या गावाहून आलेले अप्पा महिनाभर आमच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या फ्लॅटमध्ये पाहुण्यासारखे बसून होते. मी दाखवलेल्या प्रत्येक टॉवरला "बरं हाय" एवढंच म्हणाले होते. गाणं ऐकल्यावर मात्र बोलले. "ही आपली हलगीच की."

अप्पांनी तीस वर्षं लग्नात, जत्रेत, मयताला हलगी वाजवली. त्यावर माझं इंजिनिअरिंग झालं. मी इथल्या मराठी लोकांना आणि रेवालाही 'वडील पंचायतीत होते' असं सांगून ठेवलंय. पंचायतीसमोर वाजवायचे, तेव्हा फार खोटं नाही. अबू धाबीच्या थिएटरात ओळखीचं कोणी भेटलं असतं. शारजात ती भीती नव्हती. तुम्हाला मी डोशाचं कारण सांगणार होतो.

जाणार असाल तर शनिवारी सकाळी आठला निघा. दुबईला वळसा घालणारा हायवे घेतला की टोल वाचतो. शारजाच्या तोंडाशी ट्रॅफिक तो तुमच्या वेळेतून वसूल करतो. शारजातल्या रोल्ला भागात पार्किंगला अर्धा तास धरा. डोसा खरंच चांगला. बारा दिरहम, म्हणजे जवळपास तीनशे रुपये. हे वडीलधाऱ्यांना खाऊन झाल्यावर सांगा.

अकराचा शो भरलेला होता. पडद्यावर देवळाबाहेर थांबवलेली माणसं गवताच्या जाळावर वाद्यं शेकत होती. हॉल शांत. अप्पा मोठ्यानं म्हणाले, "आजून शेकाय पायजे. ढिली हाय."

मागे कोणीतरी हसलं. मग गाणं सुरू झालं आणि अप्पांची बोटं पॉपकॉर्नच्या रिकाम्या डब्यावर चालू लागली. हलकीच, पण एकही ठोका न चुकता. पुढच्या रांगेतल्या माणसानं वळून पाहिलं.

"अप्पा, लोक बघतायत," मी म्हणालो.

ते लगेच थांबले. इतके लगेच, की ही सवय जुनी असावी हे मलाही कळलं.

मध्यंतरात तो माणूस आमच्याकडे आला. "अंकल, आप बजाते हैं क्या? मस्त ठेका था."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाईलकडे पाहिलं. रेवा कौतुकानं म्हणाली, "नो, ही वॉज इन द पंचायत."

"हां," अप्पा म्हणाले. "पंचायत में."

माझं खोटं ते माझ्याहून सरळ चेहऱ्यानं बोलले. ते मला सहन झालं नाही. "नहीं भाई," मी म्हणालो. "हलगी बजाते थे. तीस साल."

त्या माणसानं पॉपकॉर्नचा रिकामा डबा अप्पांच्या हातात दिला. अप्पांनी दोन मिनिटं वाजवलं. दोन रांगा समोशाकडे जाता जाता थांबल्या.

"व्हाय डिडन्ट एनीवन टेल मी?" रेवानं मला विचारलं. हबीबी, इन्शाल्ला वगैरे ज्या अरबी शब्दांवर मी इथे वेळ मारून नेतो, त्यातलं काहीच तिथे चाललं नसतं.

परतीच्या वाटेवर दोन तास तेच गाणं लागलं होतं. ते मागे बसलेल्या दोघांनी निवडलं होतं.

आता खर्च वसूल झाला का, हे तुम्ही विचाराल. गाणं रेवाला पाठ झालं. हायवेचं ट्रॅफिक तुम्हालाही लागेल. माझ्यापाशी राहिलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना अप्पा बोलले ते.

"पंचायतीचं सांगितलंस त्याचं काय वाईट न्हाय वाटलं," ते म्हणाले. "निस्तं मला आदी सांगायचं हुतंस. नीट पाठ केलं असतं."