कुंकू लागलेली सीडी

टायपिंग इन्स्टिट्यूट बंद करून ती जागा औषधांच्या दुकानाला द्यायची, असं सासऱ्यांनी परस्पर ठरवलं, तेव्हा लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांच्याशी कडाकडा भांडले.

वर्तकनगरला आमच्या वसाहतीत तळमजल्यावरची रस्त्याकडेची खोली म्हणजे ही इन्स्टिट्यूट. सासरे तिथे टायपिंग शिकवायचे आणि मी सून म्हणून आल्यापासून त्यांच्या जोडीला मीही. माजिवडा, बाळकुमपासून मुली यायच्या. नव्वदचं दशक संपत आलं तशा त्या कॉम्प्युटर शिकायला स्टेशनकडे जाऊ लागल्या. खोली गेली असती तर सासऱ्यांचं काही अडत नव्हतं, त्यांना पेन्शन होती. माझ्या वाट्याला मात्र फक्त स्वयंपाकाचा ओटा उरला असता, आणि तो मला नको होता.

हट्ट करून मी जुने कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर आणवले. विकणाऱ्याने कॉम्प्युटरमध्ये सगळे प्रोग्राम आधीच भरून दिलेले. सासऱ्यांनी विचारलं, "याचं लायसन्स?" तो हसला. "काका, कोण घेतं? सगळे असंच वापरतात."

"माझ्या छपराखाली चोरीचा माल नको," सासरे म्हणाले आणि सगळं पुसायला लावलं. मग माझ्याकडे वळले. "दिवाळीच्या पाडव्याला दुकानवाला ताबा घ्यायला येतोय. त्याच्या आत या डब्यावर एक पत्र टाइप करून छापून दाखव. सरळ मार्गाने. नाहीतर विषय संपला."

सरळ मार्ग एकच होता. एका कॉम्प्युटरच्या मासिकासोबत लिनक्स नावाच्या सिस्टिमच्या दोन सीड्या आल्या होत्या, फुकट आणि राजरोस. एकीत पॅकेजं, म्हणजे बसवायला तयार प्रोग्राम, दुसरीत त्याच पॅकेजांचा मूळ कोड. मासिक वाचून वाचून मी पहिल्या सीडीवरून मुख्य सिस्टिम चढवली. पत्र लिहायचा प्रोग्राम नंतर टाकू म्हटलं, कारण मध्ये खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडे टाइपरायटर पुजतात. सासऱ्यांनी त्या वर्षी कॉम्प्युटरलाही हळदकुंकू वाहिलं. मला बरं वाटलं. मी आत नैवेद्याचं बघत होते, तेवढ्यात त्यांनी ती पहिली सीडीही पाटावर मांडली. "सगळं यातूनच येणार म्हणालीस ना? मग पूजा हिची." चित्र छापलेली बाजू त्यांना पाठ वाटली आणि आरशासारखी चकचकीत बाजू तोंड. त्या तोंडावर त्यांनी ओल्या कुंकवाने ठसठशीत स्वस्तिक काढलं. पूजलेली हत्यारं दसऱ्यापर्यंत हलवायची नाहीत हा घरचा नियम, त्यामुळे मी नुसती बघत राहिले. कुंकू छान वाळलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी ओल्या फडक्याने सीडी पुसली, ताट पुसावं तशी गोल गोल. तसं पुसायचं नसतं हे मला मागाहून कळलं. कुंकू निघालं, पण त्या जागी चरे पडले.

आता पॅकेज बसवायची ती आज्ञा, आरपीएम. तिचा स्वभाव रेशन ऑफिसातल्या कारकुनासारखा. पत्राचा प्रोग्राम मागितला की म्हणणार, आधी अमुक पॅकेज आणा. ते आणलं की, आधी तमुक. मी एकेक देत गेले. शेवटी एक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला चालायला लागणारा जोडभाग, तेवढी राहिली आणि नेमकी तीच स्वस्तिकाखाली सापडली. सीडी घरघर करायची आणि उत्तर यायचं, पॅकेज खराब आहे.

सक्ती करायचीही सोय होती. काय कमी आहे ते बघू नकोस, गुमान बसव, असं सांगता येतं. मी सांगितलं. गुमान बसलं. उघडायला गेले तर लायब्ररी सापडत नाही म्हणून लगेच बंद. मग मी चिडून ते सगळं काढून टाकलं. घरात सारखं 'चालवून घे' ऐकलेल्या बाईला निदान मशीनने तरी ते ऐकवू नये.

सासरे दारात उभे होते. "राहू दे आता. माझ्याच हातून घोळ झाला," ते म्हणाले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "घोळ झाला तर झाला, बाबा. मी सोडणार नाही," मी म्हटलं.

दुसरी सीडी पाटावर गेली नव्हती. तिच्यातला मूळ कोड घेऊन त्या लायब्ररीचं पॅकेज आपल्या मशीनवर नव्याने बांधता येतं, असं मदतीच्या पानांत लिहिलेलं होतं. मी पोळ्या उरकून सकाळीच बसले. टायपिंग पक्कं असल्याने आज्ञा लिहिताना एक अक्षर चुकत नव्हतं, पण मशीन जुनं, ढिम्म. पडद्यावर ओळी सरकत राहिल्या. दुपारी वीज गेली आणि सगळं पाण्यात. वीज आली, पुन्हा पहिल्यापासून. मग तक्रार, कोड बांधायला आणखी एक पॅकेज हवं. ते पहिल्या सीडीच्या धड भागात होतं, नशीब! पुन्हा पहिल्यापासून. बाळकुमची एक मुलगी डोकावून विचारायची, "मॅडम, झाला का गो तुमचा?" मी नुसती मान हलवायची.

एका सकाळी ओळी थांबल्या आणि फोल्डरमध्ये नवं पॅकेज दिसलं. माझ्या मशीनवर माझ्या हातांनी बांधलेलं. या वेळी सक्ती न करता आरपीएमला दिलं आणि तिने काही न मागता घेतलं. पाठोपाठ पत्राचा प्रोग्रामही बसला, उघडला. मी खुर्चीतच रडले, मग डोळे पुसून ते पॅकेज फ्लॉपीवर घेतलं आणि दुसऱ्या मशीनवर चढवलं.

प्रिंटर करकरत पहिलं पत्र बाहेर आलं. सासऱ्यांनी चष्मा लावून ते उजेडात धरलं. "डावा समास कमी पडलाय. पुन्हा काढ," म्हणाले. मी पुन्हा काढलं. ते त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं.

पाडव्याला दुकानवाला पेढे घेऊन दारात आला. "मग काका, खोली कधी रिकामी करताय?"

आजवर सासरे कुणालाही 'माझी इन्स्टिट्यूट' असंच सांगत आले होते. त्यांनी त्याला आत बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "माफ करा, पण ते मला विचारून उपयोग नाही. इन्स्टिट्यूट सूनबाईंची आहे."

दुकानवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून सांगितलं.