दसऱ्याचं तेल आणि कुसुमची सायकल

कुसुम गेल्याचं मला शांताबाईंनी फोनवर कळवलं. त्या तिच्या वडीगोद्रीच्या शेजारीण. सकाळी हाका मारूनही ओ आली नाही, म्हणून त्या आत गेल्या... झोपेतच सगळं संपलं होतं. फोन ठेवल्यावर माझ्या मनात आधी आलं ते हे, की बरं झालं, सायकलवरून पडून नाही गेली. नातवंडांनो, तुम्हाला हे विचित्र वाटेल. पण त्या सायकलीवरून आपल्या घरात किती वाद झाले, ते तुम्हाला ठाऊक नाही.

कुसुम माझी धाकटी नणंद. शाळेतली नोकरी संपल्यावरही ती जालन्याला आमच्याकडे राहायला आली नाही. एकटी राहायची आणि रोज सकाळी सायकलवर आपल्या मोसंबीच्या बागेत जायची. सायकल साधी, काळी. सुटे भाग हायवेच्या कडेच्या दुकानात मिळतील ते, स्वस्तातले. तुमच्या बाबाला हे बिलकूल पसंत नव्हतं. तो तुमच्या तिकडून फोनवर भारी ब्रेकची, गिअरची माहिती द्यायचा आणि ती सगळं ऐकून म्हणायची, "तुझं सामान चांगलंच असंल रे. पण ते इथं मोडलं तर तू पाना घेऊन येशील का?" स्वस्त म्हणून काहीही घ्यावं, असंही तिचं नव्हतं. प्लॅस्टिकचे पेडल तडकल्यावर तिनं लोखंडी बसवून घेतले. ब्रेकचं रबर तर झिजण्याआधीच बदलायची. बागेपर्यंत हळूहळू जाणाऱ्या बाईला एवढं पुरतं, असं तिचं म्हणणं.

मग एका दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती पडली. बागेच्या उतारावर ब्रेक लागला नाही आणि ती सायकलसकट पाटात गेली. मनगट मुरगळलं, कपाळाला खोक पडली. मी तातडीनं गेले. तुमच्या बाबानं फोनवर निकालच दिला : स्वस्त ब्रेक, दुसरं काय होणार, सायकल भंगारात द्या आणि आत्याला जालन्याला आणा. मलाही ते पटलं. मी तिच्या साड्या बॅगेत भरायला घेतल्या. कुसुम त्या बॅगेकडे बघत होती. सायकल गेली की बाग गेली, आणि मग उरलेलं आयुष्य भावजयीच्या घरी पाहुणीसारखं बसून काढायचं... तिला ते दिसत होतं. मलाही दिसत होतं, पण मी घड्या घालत राहिले.

संध्याकाळी ती अंगणात सायकलीपाशी जाऊन बसली. चाकाच्या कडेवरून बोट फिरवलं, त्याचा वास घेतला आणि एकटीच हसायला लागली. पूजेत सायकल चमकावी म्हणून तिनं खोबरेल चोळलं होतं. हँडलला, दांडीला आणि हौसेच्या भरात चाकांच्या कडांनाही, नेमकं जिथं ब्रेकचं रबर धरतं तिथं.

"वहिनी, ब्रेक बिचारा काय करीन? दसऱ्यालाच दिवाळीचं तेल चोळलं मी त्याला, अन् आंघोळ घालायची राह्यली."

मग आंघोळ झाली. तिनं एका हातानं राख लावून कडा घासल्या, रबर पुसलं; पाणी मी ओतलं. सकाळी उतारावर सायकल ढकलत नेऊन तिनं बऱ्या हातानं ब्रेक दाबला. चाक जागीच थांबलं. तुमच्या बाबाला फोनही तिनंच केला, आपला वेडेपणा काही न लपवता सांगितला. तो म्हणाला, "आत्या, पुढच्या वर्षी नुसतं हळदकुंकू लाव." मी साड्या परत कपाटात ठेवल्या.

तेराव्यानंतर मी घर आवरायला गेले. सायकल कुणाला देऊ नकोस, असं तुमच्या बाबानंच बजावलं होतं. शांताबाईंना सोबत घेऊन मी ती हातात धरून बागेत नेली आणि स्टँडवर लावायला गेले, तर ती कलंडली. स्टँड सुतळीनं बांधून ठेवलेलं होतं.

"ते कधी टिकलंच न्हाई," शांताबाई म्हणाल्या. "दोन-तीनदा बदललं, मंग बाईंनी नादच सोडला. जालन्याला सांगू नको म्हनल्या, पुन्हा सुरू व्हतील समदे."

त्यांनी बांधावरच्या कडुनिंबाकडे बोट दाखवलं. हँडलच्या उंचीवर खोडाची साल घासून गुळगुळीत झाली होती, तळहाताएवढी. मी सायकल तिथं टेकवली. बरोबर बसली.