डाव्या हाताचं वाइंडिंग

तारमामाच्या दुकानात जळकी मोटार आली की तो आधी तिचा वास घेतो. पाण्याचा पंप असो, पंखा असो, वासावरून सांगतो, किती दिवस हाल काढून मेली ते. मग जुनी तार उपटायची, नवी गुंडाळायची. तेहतीस वर्षं हेच. त्याच्या कामात वेढ्याला वेढा असा चिकटलेला, की मध्ये सुई शिरायची नाही. दुसरे वाइंडर मुद्दाम उघडून बघतात आणि गप्प बसतात. मामाला तेवढं पुरतं. गाण्याशी त्याचा संबंध एवढाच, की शेजारचा रेडिओ बिघडला की त्याला बरं वाटतं.

अशा माणसाकडे भाची गिटार घेऊन आली. विजेवरची. तिच्या बापानं, म्हणजे सुतार दाजींनी, जुन्या दाराच्या फळीतून कोरलेली. कडीचं भोक तेवढं बुजवायचं राहिलेलं. शनिवारी एका बँडपुढे वाजवून दाखवायचं होतं. पसंत पडली तर ते तिला घेणार होते. अडलं होतं पिकअपपाशी. पिकअप म्हणजे तारांखाली बसणारं लोहचुंबक, भोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे आठेक हजार वेढे. वरची तार थरथरली की खाली वीज उठते, तिचाच पुढे आवाज होतो. असे दोन लागतात, एक गिटारच्या मानेजवळ, एक खाली. भाची बाजारातून आणायला निघाली होती.

"वाइंडिंग बाजारातून?" मामा म्हणाला. "मग मी काय मेलोय?"

दोन दिवसांत त्यानं दोन्ही केले. दाजींनी भिंग लावून बघितले. खोट सापडली नाही, त्यामुळे त्यांचं तोंड उतरलं.

भाचीनं ते बसवले, वाजवले, बटणं फिरवली, परत वाजवले.

"मामा, मानेजवळचा झकास आहे. खालचा मात्र फार शहाणा बोलतोय. त्याला जरा दात हवेत."

मग तिनं सांगितलं की खालच्यासाठी जाणकार लोक तार मुद्दाम वेडीवाकडी टाकतात, वेढे एकमेकांवरून आडवेतिडवे गेले की आवाज मोकळा होतो. मामानं तिच्याकडे असं बघितलं, जसं आचाऱ्याला कुणी भातात खडे घालायला सांगावं. नसेल जमत तर खालचा शुक्रवारी बाजारातून आणते, म्हणाली, आणि गेली.

मामा वाकडं गुंडाळायला बसला. हात ऐकेना. दहा वेढे वाकडे पडले की अकरावा आपोआप सरळ, आणि सरळ पडला की मागचे दहा सोडवून परत नीट घातल्याशिवाय चैन पडेना. बुधवार संपला तेव्हा तिसरा पिकअप पहिल्या दोघांहून सुबक झाला होता. मामी म्हणाली, "घरात बरं जमतं वाकडं वागायला."

गुरुवारी त्यानं शटर अर्धं खाली ओढलं, दाराकडे पाठ केली आणि तार डाव्या हातात धरली. तीनदा तुटली. चौथ्यांदा पूर्ण गुंडाळून झाली. कोंबडीनं उकिरडा विस्कटावा तसं ते दिसत होतं. मीटर लावला तर आकडा बरोबर. त्यानं परत लावला. बरोबरच.

शुक्रवारी भाचीनं तो बसवून वाजवला. फळीवरचे खिळ्यांचे डबे खणखणले. दहा मिनिटं ती थांबलीच नाही. मामाला आवाजातला फरक काही कळला नाही. तिनं बाजाराचं नाव काढलं नाही, एवढं कळलं.

शनिवारी बँडनं तिला घेतलं. रविवारी ती दुकानात सांगायला आली. त्यांच्यातला जुना गिटारवाला खालच्या पिकअपवर फार खूश होता. करणाऱ्याला भेटायचंय म्हणाला, उद्या येतोय, उघडून बघायचंय म्हणाला.

मामानं हातातला पंखा बाजूला ठेवला.

"त्याला सांग, मानेजवळचा माझा आहे," तो म्हणाला. "खालचा बाजारातला."