गाडी दोनदा पुकारायची

माझं माहेर सुटलं ते भोंग्यावरून जाहीर होऊन. आप्पा, म्हणजे माझे वडील, वैजापूरच्या स्टँडवर गाड्या पुकारायचे. लग्नानंतर चार दिवसांनी मी नवऱ्यासोबत गाडीत बसले, मांडीवर लाडवांचा डबा आणि डोक्यावर आप्पांचा आवाज, "औरंगाबादला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे." कुठलीही गाडी आप्पा दोनदा पुकारायचे. त्या दिवशी त्यांनी तिसऱ्यांदाही पुकारली. ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढून मागं पाहिलं आणि गाडी काढली.

याला कुणी घर सोडणं म्हणत नाही. दोन तासांचा तर रस्ता! माझी जाऊ कॅनडाला गेली, तिच्यासाठी सगळे विमानतळावर रडले. मी औरंगाबादच्या पुंडलिकनगरात आले ती नुसती नांदायला आले. पण स्टँडमागच्या गल्लीतल्या माझ्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारख्याच इथं आलेल्या बायांनो, तुम्हाला माहीत आहे, जीभ बदलायला विमान लागत नाही. बिल्डिंगमधल्या बायका माझ्या 'लई'ला हसल्या आणि महिन्याभरात मी 'खूप' म्हणायला लागले.

लहानपणी आमच्याकडं आप्पांची ड्यूटी संपली तरी आवाज संपायचा नाही. स्टँडवरच्या टपरीतून ते पातळशी चित्रांची पुस्तकं आणायचे आणि संध्याकाळी ओट्यावर बसून गल्लीतल्या सगळ्या पोरांना वाचून दाखवायचे. गोष्टीतली शेळी बाजाराला नुसती निघायची नाही. "शेळी बाजाराला निघालेली आहे. प्रवाशांनी लक्ष द्यावं. शेळी बाजाराला निघालेली आहे!" प्रत्येक वाक्य दोनदा. आम्ही पोट धरून हसायचो. आई वैतागायची, "अहो, लेकरं काय बहिरी हायेत व्हय?"

आप्पा म्हणायचे, "पहिल्यांदा सांगतो ती ड्यूटी. दुसऱ्यांदा सांगतो ते माणसासाठी. कुण्या म्हातारीचं ध्यान नसतंय, कुणाचं लेकरू रडत असतंय. तिची गाडी चुकू द्यायची काय?"

माझी मुक्ता दोन वर्षांची झाली तेव्हा मी माहेराहून आणलेली तीच पुस्तकं काढली. तोंड उघडलं आणि आप्पाच बाहेर आले. माझी शेळीही दोनदाच निघायला लागली. मुक्ताचं डोकं माझ्या हनुवटीखाली असायचं. वाक्य पुन्हा येणार हे तिला ठाऊक, त्यामुळं ती आधीच खुदखुदायची आणि ते हसू माझ्या छातीला जाणवायचं. या शहरानं मला पुष्कळ दिलं, पण त्याच्याइतकं सुख दुसऱ्या कशात मिळालं नाही.

मग ती शाळेत गेली आणि मला बोलावणं आलं. बाई गोड बोलल्या. मुक्ता प्रत्येक वाक्य दोनदा बोलते, 'लई' म्हणते, इंग्लिशमध्ये मागं पडेल. घरी फक्त इंग्लिश वाचा आणि सरळ, एकदाच वाचा. आणि मी, आप्पांची लेक, नंदीबैलासारखी मान डोलवून घरी आले! चार महिने मी इंग्लिश पुस्तकं वाचून दाखवली, परीक्षेला बसल्यासारखी, भीत भीत. एका दुपारी मी पुस्तक उघडलं तर ती म्हणाली, "मम्मी, नको. मी कार्टून बघते." आणि मांडीवरून उतरून गेली.

मला राग आला तो माझाच. आज हिला गोष्ट नकोशी झाली, उद्या मी नकोशी होईन. इतकी घाबरले होते मी.

त्याच संध्याकाळी मी शेळीचं पुस्तक घेतलं आणि खाली पार्किंगमध्ये चटई टाकली. मुद्दाम खाली, सगळ्यांच्या कानावर जावं म्हणून. "शेळी बाजाराला निघालेली आहे!" गॅलऱ्यांतून डोकी बाहेर आली. येऊ देत की. मुक्ता जिन्यात उभी राहून बघत होती. मी दुसऱ्यांदा पुकारलं तशी ती हसली आणि पळत येऊन मांडीत बसली. तळमजल्यावरच्या नसरीनभाभी आपली दोन्ही लेकरं घेऊन आल्या. "पढो, पढो. हमारे अब्बा भी ऐसाइच पढके सुनाते थे."

आता दर रविवारी ती चटई पुरत नाही. नसरीनभाभी उर्दूतली गोष्ट वाचतात, मी शेळी काढते. इंग्लिश पुस्तकंही वाचतो, त्यांनी काय घोडं मारलंय? पण तीही आप्पांच्या आवाजात आणि दोनदाच. शाळेच्या बाईंना मी जाऊन सांगून आले, "आमच्या घरी गाडी दुसऱ्यांदा पुकारल्याशिवाय सुटत नाही. लेक मागं राहिली तर मी गाडी थांबवून धरीन." आणि मुक्ता काही मागं राहिली नाही.

आप्पा आता रिटायर झालेत. जन्मभर भोंग्याखाली बसून त्यांचे कान गेले. रविवारी पार्किंगमधून वर आलं की मुक्ता त्यांना फोन लावते आणि स्वतः वाचून दाखवते. आता तिला वाचता येतं. पहिल्यांदा वाचलेलं आप्पांना पोचत नाही, दुसऱ्यांदा पोचतं. जी खोड मोडायला सांगितली होती, तिच्यावरच आजोबांचं ऐकणं चाललंय.

तुझं घर कुठलं, असं कुणी विचारलं की पूर्वी मी अडखळायचे, वैजापूर म्हणू की पुंडलिकनगर. आता अडखळत नाही. जिथं आपल्यासाठी दुसऱ्यांदा पुकारतात ते घर, आणि हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

गेल्या रविवारी शेळी बाजारात पोचली. मुक्तानं ते वाक्य दोनदा वाचलं. दुसऱ्या खेपेला आप्पा फोनवर खळखळून हसले, मी शेजारीच होते, मला चांगलं ऐकू आलं. मग घसा खाकरून म्हणाले, "ऐकू नाय आलं, बाई. अजून एकदा."