ऑर्लिनचं केशरी फूल

मे संपत आला, आयोवातल्या त्या लहानशा गावात घरोघरचे वाफे भरले, तरी आर्डिस टॉलेफसनबाईंच्या वाफ्यात मधोमध मातीचा एक रिकामा चौकोन तसाच होता. तिथे त्यांच्या दिवंगत नवऱ्याचं, ऑर्लिनचं रोप होतं. त्याने शेवटच्या आजारपणाआधी रेल्वेरुळांच्या कडेच्या माळावरून बी आणून पेरलेलं. आपल्या रुईच्याच कुळातलं, पण केशरी फुलांचं. दोन उन्हाळे नुसती पानं आली. यंदा जुलैत फूल येईल, ते चर्चच्या वेदीवर ठेवायचं, असं बाईंनी मनाशी धरलं होतं. हे रोप एरवीही उशिराच उठायचं, पण इतका उशीर?

"अगं आर्डिस, मातीकडे टक लावून कोंब येतात होय?" शेजारची लवॉन कुंपणावरून म्हणाली. "थंडीत माझे गुलाब गेले, तिथे ते रानगवत काय टिकतंय!"

"रानगवत म्हणू नकोस हं."

"बरं, महाराणी म्हणते. पण रविवारी चर्चच्या बायका तुझ्याकडे कॉफीला येणार. त्यांना काय हा खड्डा दाखवणार? माझ्याकडे पेटुनियाची रोपं उरलीत, ती लाव."

बाईंनी एक सुस्कारा सोडला आणि फावडं रोवलं. कच्च आवाज झाला. वर आला तो गाजरासारखा जाड मुळाचा तुकडा, आणि त्याच्या डोक्यावर गुलाबीसर कोंब. मातीतून बाहेर यायच्या बेतात असलेले.

"अगं बाई गं!" त्यांनी तो तुकडा हातात उचलून घेतला.

लवॉन धावत आली. "माझीच जीभ मेली घाई करते."

"फावडं माझ्या हातात होतं," बाई म्हणाल्या. त्यांनी तुकडा परत जागेवर बसवला, माती सारली आणि डोळे मिटले. मागणं एवढंच होतं, की एवढं एक राहू दे.

रविवारी बायका आल्या. कुणीतरी त्या चौकोनाबद्दल विचारलंच. बाई काही बोलायच्या आत लवॉन म्हणाली, "तिथे आजारी माणूस झोपलंय. हळू बोला आणि केक खा."

वरचा तुकडा वाळून गेला. बाईंनी तरी पाणी थांबवलं नाही. जूनच्या शेवटी एका सकाळी त्यांनी लवॉनला हाका मारमारून बोलावलं. खाली राहिलेल्या मुळाला कापल्या जागेवरून तीन कोंब फुटले होते.

"एकाचे तीन झाले की गं!" लवॉन म्हणाली. "पण यंदा काही फूल नाही हो."

"नसू दे."

त्या रविवारी प्रार्थना संपल्यावर वेदीच्या फुलांच्या पाळ्या ठरत होत्या. आर्डिसबाईंनी पुढच्या वर्षीच्या जुलैतला एक रविवार मागून घेतला.