नळी भरेल हाये

आमचे घरमालक मधुसूदन निनावे. गोळीबार चौकापासून दोन गल्ल्या आत, कोष्ट्यांच्या वस्तीत त्यांचं दोन मजली स्लॅबचं घर. खाली ते, वर आम्ही. खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून फिटर म्हणून रिटायर झाले आणि बंदुका गोळा करायला लागले.

"गोळीबार चौकात राहतो बाप्पा, घरात एखादी बंदूक पायजे का नाई?" नवीन माणसाला हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत ऐकावंच लागतं. म्हणताना डावी भुवई वर जाते, 'बंदूक'मधला 'दू' लांबतो आणि शेवटी नाकातून एक हसू सुटतं. मला ही नक्कल इतकी साधली आहे की जिन्यातून मी ती केली तर कामिनीकाकू स्वयंपाकघरातून ओरडतात, "बस झालं तुमचं बंदूकपुराण, दही घेऊन या आधी!"

काकांना आवडायच्या त्या ठासणीच्या बंदुका. नळीच्या तोंडातून दारू टाकायची, वर चिंधी, वर छर्रे, आणि गजानं ठासायचं. आमच्याकडे तिला भरमार म्हणतात. खरी जुनी भरमार ठेवायची तर परवाना लागतो, आणि तसली हौस पेन्शनीत बसत नाही. म्हणून काका शोपीस गोळा करायचे. त्यांची नळी तोंडाशी दोन बोटं पोकळ, पुढे ठोस लोखंड. लाकडी दस्ता मोडका असला की माल आणखी स्वस्त मिळतो, आणि लाकूड तर काकांच्या घरातच होतं. त्यांच्या वडिलांचा खड्डा माग कधीचा बंद पडलेला. बसायचा खड्डा फरशीखाली बुजवला होता, पण सागवान माळ्यावर जपून ठेवलं होतं. त्या लाकडाचे दस्ते करायचे, आणि मागाच्याच सांगाड्यात बंदुका ओळीनं उभ्या करायच्या, तोंडं वर.

कन्हानच्या भंगारवाल्यांशी त्यांचं भांडण ऐकायला मी मुद्दाम बरोबर जायचे.

"हे काय हाये गा? नळाचा पाईप?"

"काका, अंग्रेजाच्या टाईमचा माल आहे."

"मंग अंग्रेजालेच वीक. मी पाईपाचे देतो."

अशा दहा झाल्या. अकरावी पोळ्यानंतर आली. उमरेडकडचं कुठलंतरी जुनं घर रिकामं केलं, त्यातली, एवढंच भंगारवाला म्हणाला. "शोपीसच हाये काका, नाटकवाले नेतात." गज हरवलेला होता, दस्ता मात्र शाबूत. बाकीच्यांपेक्षा नळी लांब होती. घोड्याच्या, म्हणजे चाप ओढला की खाली आपटतो त्या लोखंडी तुकड्याच्या मानेला विटका तांबडा धागा गुंडाळलेला होता.

"राहू दे," काका म्हणाले. "जुनेपणा दिसते त्यानं."

घरी आणल्यावर त्यांनी घोडा ओढून सोडला. टक्. खणखणीत. खूश होऊन त्यांनी तो दिवसभर सोडला. दाराकडे, पंख्याकडे, काकूंकडे. दोनदा माझ्याकडे. मी छातीवर हात ठेवून मेलेही, छान लांबवून.

खाली काका-काकूंबरोबर तिसरं माणूस होतं, काकांची मोठी बहीण गोपिकाबाई. लग्न होऊन उमरेडला गेल्या होत्या, तीन वर्षांत विधवा होऊन परत आल्या. नंतर आयुष्यभर नळ्या भरल्या. नळी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती बारीक पोकळ कांडी, तिच्यावर सूत गुंडाळायचं. त्या नळ्यांवरच मधुकाकांचं आयटीआय झालं, हे काका स्वतः सांगतात. आता बाईंची आठवण जुन्या धोतरासारखी विरली होती. मला कधी माझ्या नावानं हाक मारायच्या, कधी मेलेल्या जावेच्या. बोलताना आवाज सारखा थरथरायचा.

त्या दिवशी त्या अकरावीसमोर येऊन थांबल्या. बराच वेळ बघत होत्या.

"मधू," त्या म्हणाल्या, "नळी भरेल हाये गा. हात नको लावू."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाईले मागाची याद आली. आम्ही लहान असताना असंच म्हणे. भरेल नळीले पोट्ट्यायनं हात लावला की सूत गुंतते ना!"

आमच्या वस्तीत कोणीही असंच समजलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला गोपिकाबाई चहाची किटली घेऊन आल्या आणि बंदुकांच्या तोंडात पाणी ओतायला लागल्या. काकूंनी कपाळावर हात मारला. "आता नळ्या भिजवून राहिली बाई!" कारण विणायच्या आधी भरलेल्या नळ्या ओल्या करतात, सूत तुटू नये म्हणून. सगळं जुळत होतं.

मी पुसायचं फडकं घेऊन मागे उभी होते. दहा बंदुकांच्या तोंडावरून पाणी लगेच खाली सांडलं. दोन बोटांच्या पोकळीत मावणार किती? अकरावीचं सांडलं नाही. नळीत बारीक गुडगुड आवाज झाला, कोणीतरी खाली बसून घोट घेतल्यासारखा. गोपिकाबाई कान लावून ऐकत होत्या. मग आणखी थोडं ओतलं.

मी हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "नळी पोकळ असंन. अस्सल नक्कल हाये म्हणून तं घेतली."

रोज तीन वाजता हेच. उन्हात गल्ली रिकामी, पंख्याचा आवाज, आणि किटली घेऊन अनवाणी पावलं. काका नळ्यांना तेल लावायचे, बाई पाणी ओतायच्या. आठवड्याभरात गंजाचे ओघळ उतरले. काका ओरडले, मग रडवेले झाले. किटली लपवली तर बाईंनी लोटा घेतला. लोटा लपवला तर ओंजळीतून पाणी आणलं, आणि ती ओंजळ मधल्या दहांना ओलांडून थेट अकरावीपाशी गेली.

नवमीला काकांच्या घरी शस्त्रपूजा व्हायची होती. वस्तीतल्या मंडळाचे अध्यक्ष भैय्याजी लोकांना घेऊन बंदुका बघायला येणार होते. आजवर काकांच्या छंदाला सगळे 'निनावेचा भंगार' म्हणायचे, आता पहिल्यांदा कोणीतरी मान देणार होतं. आदल्या शनिवारी काका बहिणीसमोर खाली बसले.

"बाई, नवमीपावेतो एक थेंबही नाई पायजे. पडला तं मी तुले घरी ठेवू नाई शकत. कामिनीनं कळमेश्वरच्या आश्रमात इचारून ठेवलं हाये."

"नळी भरेल हाये गा, मधू."

"बाई!"

"हात नको लावू."

तेव्हा माझ्या कानाला काहीतरी टोचलं. वर जाऊन मी ते वाक्य आरशासमोर म्हणून बघितलं. बाईंची नक्कल मला येत होती, थरथर काढायला हनुवटी सैल सोडायची. पण या वाक्यात थरथर बसेना. बाकी सगळं बोलताना त्यांचा आवाज हलतो. या चार-पाच शब्दांत हलत नाही. त्या वेळी गॅसवर दूध ठेवलंय म्हणावं, इतक्या सरळ सांगतात. मला ते भारी वाटलं, नकलेसाठी. त्यापुढे मी गेले नाही.

नवमीच्या दुपारी बंदुकांना झेंडूचे हार घातले होते. तीनच्या सुमारास काकू तांब्या आणायला खोलीत गेल्या तर गोपिकाबाई अकरावीशेजारी उभ्या, लुगड्याचा पदर टपकत होता. पाणी आणायला भांडं मिळालं नाही म्हणून पदर भिजवून आणला होता आणि तो नळीच्या तोंडात पिळत होत्या.

आत जाऊन काकूंनी बाईंची दोन लुगडी, शाल आणि औषधांचा डबा पिशवीत भरला आणि पिशवी दाराशी आणून ठेवली. काकांनी ती बघितली. मान हलवली. "दसरा झाला की," एवढंच म्हणाले, आणि बराच वेळ एकाच झेंडूच्या फुलाला सरळ करत राहिले.

पाचला भैय्याजी आले. भैय्याजी बोलताना प्रत्येक वाक्य माईकवर असल्यासारखं उचलतात. "काय हाये नाऽ, निनावे साहेब, तुम्ही तं आमच्या मोहल्ल्याचे शस्त्रागार हाये!" लोक हसले. काका लाजले. मग भैय्याजी मला म्हणाले, "पोट्टी, तू नकला करते म्हणे? कर एखादी."

मी हनुवटी या वेळी घट्ट धरली, पदर नसताना पदर सावरला. "नळी भरेल हाये गा, मधू. हात नको लावू."

खोली हसून लोटपोट झाली. आणि हसू ओसरताना आतल्या खोलीतून तेच वाक्य आलं, त्याच पट्टीत. माझंच परत आल्यासारखं. मंडळी पुन्हा हसली. मी मात्र आतल्या दाराकडे बघितलं.

व्हिडिओसाठी आवाज पाहिजे म्हणून काकांनी अकरावीवर एक दिवाळीची टिकली चिकटवून ठेवली होती, घोडा आपटतो त्या लहानशा बोंडावर. भैय्याजींनी बरोबर तीच उचलली. मोबाईल कुणाकडे तरी दिला, बंदूक खांद्याला लावली आणि काकांच्या छातीवर रोखली.

"हात वर, निनावे!"

काकांनी हसत हात वर केले. घोडा मागे ओढताना विटका तांबडा धागा तुटून फरशीवर पडला. आतल्या दारात गोपिकाबाई उभ्या होत्या. त्यांनी बंदुकीकडे नाही, धाग्याकडे बघितलं.

"धागा!" त्या ओरडल्या.

टिकली फटकन वाजली. मग नळीच्या आत, खोल, स्स्स असा आवाज झाला, ओल्या तव्यावर फोडणी टाकावी तसा. बोंडापाशी धुराची एक बारीक रेघ उठली आणि विझली. भैय्याजींनी बंदूक खाली केली तर नळीच्या तोंडातून काळं पाणी ठिबकलं. खोलीत सडक्या अंड्याचा वास पसरला.

"पावसात भिजेल फटाका हाये हा!" भैय्याजी हसले. एक-दोघं हसले.

काका हसले नाहीत. चाळीस वर्षं पाईपांत काय अडकलंय ते शोधणारा माणूस. त्यांनी हात हळूहळू खाली आणले, बंदूक घेऊन भिंतीकडे फिरवली, वाकून बोंडावरचा टिकलीचा जळका कागद खरवडून काढला आणि एक लांब सळई नळीत सोडली. दुसऱ्या बंदुकीत ती दोन बोटांवर टिंग करून थांबली असती. हिच्यात ती आत गेली, गेली, आणि थप. काकांनी नळीच्या तोंडाशी सळईवर अंगठा धरला, बाहेर काढून नळीच्या बाजूला लावून बघितली. सळईचं टोक बोंडापासून वीतभर आधीच थांबत होतं.

त्या वीतभर जागेत काहीतरी बसलं होतं.

काकांनी सळईच्या टोकाला बूच काढायचा मळसूत्री आकडा बांधला आणि फिरवत ओढलं. आधी चिंधी आली, हातमागाच्या लुगड्याच्या काठाची. मग छर्रे. पूजेच्या थाळीत, हळदीकुंकवावर, एकेक पडले. टप. टप. टप. मागून काळा चिखल.

भैय्याजींचा माईक गेला होता. "मी... सरळ छातीवरच..." इतकंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

गोपिकाबाई आल्या, थाळीतल्या चिखलाला बोट लावून बघितलं. "ओली हाये," त्या म्हणाल्या. "मी ओली केली."

काकांनी सळई खाली ठेवली. "बाई, तुले कसं समजलं?"

"धागा होता ना. नळी भरली की घोड्याले तांबडा धागा बांधत. आमच्या मामांजीच्या भरमारीले. डुकरं येत वावरात." त्यांनी फरशीवरचा तुकडा उचलला आणि बोटाभोवती गुंडाळला, नळी भरतात तसा. "आमचे हे पुसून राहिले होते. धागा सुटून गेला होता."

"बाई, भाऊजी तं तापानं गेले ना?"

"ताप नव्हता गा, मधू."

या वाक्यातही थरथर नव्हती.

दाराशी ठेवलेली पिशवी कामिनीकाकूंनी उचलली. लुगडी पुन्हा घडी घालून कपाटात ठेवताना औषधांचा डबा त्यांच्या हातून दोनदा पडला. काकांनी अकरावी बंदूक गोणपाटात गुंडाळून ठाण्यात जमा केली. मी बरोबर होते. लिहून घेणाऱ्या हवालदारानं विचारलं, "नाव?"

"निनावे."

"नाव इचारून राहिलो काका, निनावी नाई चालत."

एरवी या विनोदावर काकांनी नाकातून हसू सोडलं असतं. ते म्हणाले, "लिहा. गोपिकाबाईचा भाऊ."

आता त्या सांगाड्यात दहाच बंदुका उभ्या आहेत. काका त्यांना तेल लावत नाहीत. तीन वाजता किटली तेच भरून देतात आणि बहिणीच्या मागे फडकं घेऊन चालतात. दहांच्या तोंडावरून पाणी सांडतं, काका पुसतात. मग गोपिकाबाई अकराव्या रिकाम्या जागेपाशी थांबतात आणि तिथेही ओततात. तिथलं पुसावं लागत नाही. त्याच फरशीखाली मागाचा बुजवलेला खड्डा आहे. पाणी पसरत नाही, सांध्यातून खाली जातं. बारीक गुडगुड ऐकू येते, आणि बाई कान देऊन ऐकतात.

"झाली का ओली, बाई?" काका विचारतात.

"नाई अजून," बाई म्हणतात, आणि काका किटली पुन्हा भरायला जातात.