सेवन्थ कॉर्ड आणि हिर्डोशीचा अबोला

कॉर्ड लिहून घ्यायला म्हणून मी दोनशे पानी वही आणली होती. वर्ष झालं, पुढून अकरा पानं भरलीत. मागून मात्र वही संपत आली, कारण मागे मी क्लासमधले किस्से लिहिते. ते कुणी गोळा करायला जात नाही हो. आमच्यासारखी मोठी माणसं शनिवारी दुपारी तीनला गिटार आणि पियानो शिकायला बसली, की आपोआप साठतात. आमचे तर बहुतेक एकाच कॉर्डपायी साठले.

भोरात पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत आमचा क्लास. शिकवतात मुग्धा मॅडम. आठवडाभर त्यांचं ऑफिस असतं आणि शनिवारी आम्ही असतो. माझं चष्म्याचं दुकान. मुलगी होस्टेलला गेली, तिची गिटार घरी धूळ खात होती, ती मी उचलली. मार्गासनीची शुभांगी नवऱ्याच्या टेम्पोतून येते, तीही गिटारलाच. आणि हिर्डोशीचे नामदेव आबा. वय चौसष्ट, तीस वर्षं भजनात पेटी वाजवलेली. आता त्यांना पियानो शिकायचा होता.

*

सेवन्थचा पहिला दिवस. मॅडम पियानोवर बसल्या आणि म्हणाल्या, "हा जी सेवन्थ कॉर्ड. आबा, तुमच्या पेटीच्या पांढरी एक पट्टीत प, नी, रे, म." चारही पट्ट्या एकदम दाबल्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि त्या उठून गॅलरीत गेल्या.

आम्ही बसलो. खाली गिरणी चालू. शुभांगी ओढणीचं टोक पिळायला लागली. मला तर शिंक येऊन नाकातच अडकावी तसं झालं होतं. शेवटी आबा उठले, पियानोपाशी गेले, सा वाजवला आणि परत जागेवर येऊन बसले.

मॅडम आत आल्या. "कोणी वाजवलं?"

"म्या," आबा म्हणाले. "पावन्याला उंबऱ्यात उबं करून घरच्यांनी फोनवर बोलत बसावं व्हय?"

मॅडम हसत सुटल्या. म्हणाल्या, "झाला आजचा धडा. सेवन्थ म्हणजे हेच. तो आपल्याला तिथं थांबू देत नाही. त्यातल्या नीला शेजारच्या सावर जायचं असतं. एकच पट्टी, पण गेल्याशिवाय जिवाला चैन नाही." मग उरलेला वेळ आम्ही चहा प्यायलो.

*

आबांचा उजवा हात पहिल्या दिवसापासून तयार. भानगड डाव्या हाताची. तीस वर्षं त्या हातानं पेटीचा भाता मारलेला. उजव्यानं कॉर्ड धरला, की डावा आपोआप पियानोच्या मागं जायचा आणि हवेत भाता मारायचा.

"आबा, ह्याला भाता नाही. ह्याला वायर आहे."

"मला ठावं हाय मॅडम. हाताला कोन सांगनार?"

मग शुभांगीला त्यांचा डावा हात धरून बसवलं. पाच मिनिटं सगळं नीट चाललं. आबांनी कॉर्ड धरला, आणि नेमकी त्याच क्षणी भोरची लाईट गेली. पियानो मुका झाला, खाली गिरणीही थांबली.

आबांनी शुभांगीकडे रागानं बघितलं. "बघ. सोड म्हनत हुतो."

*

शुभांगीला गिटारवर डी सेवन्थ बसत नव्हता. तीन बोटांचा त्रिकोण करायचा असतो, एवढंच. पण घरी गिटार घेऊन बसायला वेळ कुठला? ती भाकरी थापता थापता सराव करायला लागली. भाकरी गोल झाली, की डाव्या हाताची तीन बोटं त्रिकोणात दाबायची आणि भाकरी तव्यावर टाकायची.

चार दिवसांनी सासूबाई म्हणाल्या, "पीठ जुनं झालंय का गं? फुगंना एक बी भाकरी. आन् हे तीन खड्डे कसले?"

शुभांगीनं खरं काय ते सांगितलं. सासूबाईंनी भाकरी उजेडात धरून बघितली. "मंग हितलं बोट कमी दाबलंय," त्या म्हणाल्या. "परत कर."

आम्हाला वाटलं ती थापा मारतेय. पुढच्या शनिवारी तिनं डबा उघडून दाखवला. तिन्ही खड्डे सारखे होते. त्या दिवशी तिचा डी सेवन्थ पहिल्या झटक्यात वाजला.

*

माझा किस्सा एका ओळीचा आहे. तारा दाबून बोटांना इतके घट्टे पडले, की माझाच मोबाईल मला ओळखेना. मॅडमना केवढा आनंद झाला, म्हणाल्या, "आता तुम्ही शिकलात." गेले दोन महिने मी फोन उजव्या अंगठ्यानं उघडते.

*

आता आबांच्या घरचं सांगायला हवं.

पियानो शिकायचा ठरल्यावर आबांनी जुनी पेटी सारोळ्याच्या भाच्याला देऊन टाकली आणि घरी कीबोर्ड आणला. पेटी काकींच्या, म्हणजे आबांच्या बायकोच्या, वडिलांची होती. लहानपणी वडील वाजवायचे आणि काकी समोर बसून भाता मारायच्या. जाताना वडिलांनी ती विश्वासानं जावयाच्या हाती दिली होती. आणि आबांनी ती देताना काकींना विचारलं नाही. "राहून गेलं," असं आबा म्हणतात. मला विचाराल तर ते राहून जाण्यासारखं नव्हतंच.

त्या दिवसापासून काकी आबांशी बोलायच्या बंद झाल्या. जेवण वेळेवर, कपडे धुतलेले, पण शब्द एक नाही. असे आठ महिने! आबा क्लासमध्ये विनोद करायचे, पण पावणेपाचला घरी जायला उठले, की त्यांचा चेहरा उतरायचा. आम्हाला ते दिसत होतं आणि वाईटही वाटत होतं.

अशात मॅडमनी गृहपाठ दिला. "हाताची ठेवण पक्की व्हायला आठवडाभर फक्त जी सेवन्थ. दुसरं काही नाही." आबा आज्ञाधारक. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून प, नी, रे, म. पुढं काही नाहीच.

दुसऱ्या दिवशी शेजारी विचारून गेले, काही बिघडलंय का. तिसऱ्या दिवशी समोरून नाचणीचा भारा घेऊन चाललेला माणूस थांबला, पुढच्या सुराची वाट बघितली आणि कंटाळून गेला. पाचव्या दिवशी मला फोन आला. हिर्डोशीत रेंज मिळायला आबांना चढावर जावं लागतं, त्यामुळे आधी नुसती धाप ऐकू आली.

"ताई, बोलली!"

"कोण?"

"ही. गाईला पानी पाजत हुती. गाईला म्हनाली, सांग त्यांना, पुढचं वाजवा म्हनावं, जेवन जाईना आमाला."

"पण आबा, हे गाईला म्हणाल्या ना?"

"पन माज्याबद्दल म्हनाली!"

*

शनिवारी क्लासला गिटारला कुणी हात लावला नाही. आता पुढं काय करायचं, यावरच खल चालला. मॅडम म्हणाल्या, आणखी आठवडाभर सा वाजवू नका. मी म्हटलं, गाईमार्फतच निरोप पाठवा. शुभांगी ओढणीचं टोक पिळत होती. मग म्हणाली, "आबा, पेटी परत आना की."

आठ महिन्यांत हे कुणालाच सुचलं नव्हतं. आबांनी पिशवी उचलली आणि चहा न घेताच निघाले.

भाचा भला माणूस. "मामी बोलंना व्हय?" एवढंच म्हणाला आणि पेटी पुसून दिली. परतीच्या एसटीत आबांनी ती मांडीवर घेतली, आणि सूर नीट आहेत का बघायला प, नी, रे, म धरला. तेवढ्यात गाडीनं हिसका दिला. भात्यावरचा हात सुटून दांडी धरायला गेला, पेटी बंद. पुढं रस्ता खराब, त्यामुळे आबा हात सोडेनात.

थोड्या वेळानं ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली आणि मागं वळून म्हणाला, "आबा, तेवढं संपवा. मंग जाऊ."

हे आबांनी सांगितलेलं, म्हणून हवं तर निम्मं वजा करा. मी सगळंच खरं धरलंय.

*

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी शुभांगीच्या नवऱ्याच्या टेम्पोतून हिर्डोशीला गेलो. आबांनीच बोलावलं होतं. रात्री पेटी त्यांनी शुभांगीच्या नवऱ्याकडेच ठेवली होती. एकट्यानं घरात न्यायची हिंमत होईना, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं.

काकी दारात आल्या. "या, बसा," आम्हाला म्हणाल्या. आबांनी पेटी ओट्यावर ठेवली, वरचं कापड काढलं आणि मागं सरून बसले. 

काकींनी पेटी बघितली. आत गेल्या. आता काय, म्हणून आम्ही एकमेकींकडे बघतोय तोवर हात पुसत बाहेर आल्या, आणि पेटीच्या पलीकडं, आबांच्या समोर बसल्या. भात्याचा खटका काढला आणि हळूहळू भाता मारायला लागल्या. आबांकडं बघितलं नाही.

आबा पुढं सरले. सवयीनं डावा हात भात्याकडं गेला, तिथं काकींचा हात होता. तो माघारी आला आणि पट्ट्यांवर येऊन बसला. दोन्ही हातांनी पेटी वाजवायची त्यांची ही पहिलीच वेळ. त्यांनी धरला तोच कॉर्ड. प, नी, रे, म.

आणि धरूनच बसले. पुढं जाईनात. काकी भाता मारताहेत, सूर चाललाय, गोठ्यातली गाय आमच्याकडं बघतेय. मॅडमनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की बांगडी रुतली.

काकींनी भाता थांबवला नाही. दुसरा हात पेटीवरून पलीकडं नेला, आबांचं बोट नीवरून उचललं आणि शेजारच्या सावर ठेवलं.

मग थेट त्यांच्याकडं बघून म्हणाल्या, "येवढं शेजारी हुतं, तर आठ म्हैने कुठं हिंडत हुता?"